घर धुवा, पण भिंतीवरची रेघ ठेवा

प्रश्न ठाण्याजवळच्या दिव्याहून आलाय, थोडक्यात असा: "तळमजल्यावर भाड्याची खोली आहे. मंगळवारी दुपारी पाणी शिरलं, मांडीपर्यंत चढलं, रात्री उतरलं. फ्रिज, गाद्या, तांदूळ, मुलाची दहावीची गुणपत्रिका, सगळं भिजलं. शेजारी म्हणतात, पंचनामा होईपर्यंत घर धुऊ नका, नाहीतर मदत जाईल. घरमालक म्हणतो, भाडेकरूला काही मिळत नाही. कोणी म्हणतं, दोन दिवस पाणी राहिलं तरच पैसे. काल एक मुलगा येऊन सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स घेऊन गेला. आम्ही नेमकं करायचं काय?"

ताई, घर आजच धुवा. चिखल तसाच ठेवा असं सरकारच्या कुठल्याही निकषात लिहिलेलं नाही. तुमच्याकडे शिरलेलं पाणी पावसाचं कमी आणि गटाराचं जास्त होतं. त्यात उंदरांचं मूत असतं, आणि पायाला साधी चीर असली तरी लेप्टोचा ताप यायला तेवढं पुरतं. घरातलं कोणी त्या पाण्यातून अनवाणी चाललं असेल तर पालिकेच्या आरोग्य केंद्रात जाऊन प्रतिबंधक गोळ्यांचं विचारा. त्या ७२ तासांच्या आत घ्यायच्या असतात, म्हणजे हे काम पंचनाम्याच्याही आधीचं. मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. ठाणे जिल्ह्यात पुराचे किती पंचनामे लिहिले त्याचा हिशेब माझ्याकडेही नाही. एवढं सांगतो, की तापाने फणफणलेल्या पोराच्या उशाशी बसून पंचनाम्याची वाट बघणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्या थांबण्याने त्यांना एक रुपयाही जास्त मिळाला नाही.

फक्त बादली हातात घेण्यापूर्वी अर्धा तास द्या. पाणी उतरलं की भिंतीवर एक मळकट रेघ राहते, तीच तुमचा साक्षीदार. शिवणकामाची टेप असेल तर जमिनीपासून रेघेपर्यंत धरा आणि आकडा दिसेल असा फोटो काढा. टेप नसेल तर घरातलं कोणी तरी रेघेशेजारी उभं राहू दे. मग बाहेर जा. गल्लीच्या तोंडापासून, खोली क्रमांकाच्या पाटीवरून, दारातून आत, असा एकच सलग व्हिडिओ काढा, मधे बंद न करता, आणि काढताना तारीख, वेळ, पत्ता तोंडाने बोला. सुट्या फोटोंबद्दल 'हे कुठल्या घरातले' असा प्रश्न निघतो, सलग व्हिडिओत ती सोय राहत नाही. वस्तूंचे फोटो वेगळे काढा. फ्रिज उघडून, गादी उभी करून, तांदळाचा डबा उपडा करून. फोटो फोनमध्येच ठेवू नका, गावाकडच्या एखाद्या नातेवाइकाला पाठवून ठेवा, कारण पुरात फोनही जातात. हे झालं की खुशाल फिनेल ओता. दाराच्या मागे वीतभर जागा मात्र पुसू नका, आणि तिथल्या रेघेवर पेन्सिलने तारीख लिहून ठेवा.

ही वीतभर जागा मला एका आजींनी शिकवली. २००५ चा जुलै. २६ तारखेला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि सगळ्या जगाने मुंबईची बातमी ऐकली. उल्हास नदीने त्याच दिवशी बदलापूर, उल्हासनगर, कल्याण धुऊन काढलं, ते बातम्यांत मागे पडलं. मी तेव्हा तलाठी होतो. चौथ्या दिवशी नदीकाठच्या एका वस्तीत दिवसाला साठ-सत्तर घरं बघत होतो. एका खोलीत गेलो तर लादी आरशासारखी चकचकीत, भांडी मांडणीवर रांगेत, भिंतीला हाताच्या उंचीपर्यंत ताजा चुना. आजींनी चटई अंथरली, माझ्यापुढे कोरा चहा ठेवला. सरकारी माणूस येणार म्हणून त्यांनी तीन दिवस राबून घर लखलखीत केलं होतं, चिखलात बसवायची लाज वाटली म्हणून. मी इकडेतिकडे पाहिलं आणि तक्त्यात लिहिलं, 'नुकसान निरंक', म्हणजे काहीच नाही. आजींना अक्षर येत नव्हतं, त्यांनी अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईने मला रस्त्यात अडवून चांगलंच फैलावर घेतलं. परत गेलो. लोखंडी खाट दोघांनी मिळून ओढली तर मागे चुना पोचला नव्हता, आणि तिथे ती रेघ, साडेचार फुटांवर. नवा पंचनामा केला, नाव पुरवणी यादीत गेलं. मूळ यादीतल्या लोकांचे पैसे कधीच वाटून झाले होते, आजींचे पुढे कित्येक महिन्यांनी आले. तेव्हापासून कितीही स्वच्छ घर दिसलं तरी मी आधी खाट ओढायला लावायचो. पण प्रत्येक जण ओढायला लावेल याची खात्री मी देऊ शकत नाही. चार दिवस झोपेविना फिरणारा माणूस जे समोर दिसतं तेच लिहितो.

आता पंचनाम्याबद्दल. ग्रामीण भागात तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून येतात. तुमच्यासारख्या महापालिकेच्या हद्दीत तहसीलदार पथकं नेमतात, त्यात तलाठी आणि पालिकेचे कर्मचारी असतात. (तलाठ्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय. लोक अजून तलाठीच म्हणतात, मीही.) लोकांची नेहमी गल्लत होते ती इथे. पाणी उपसणं, गाळ काढणं, औषध फवारणी, निवाऱ्याच्या शाळा उघडणं, जेवणाची पाकिटं, हे पालिकेचं काम. अडकलेल्यांना बोटीतून काढायला ठाण्यात पालिकेचं आपत्ती दल, टीडीआरएफ, आहे, आणि फारच बिकट झालं तर केंद्राच्या आपत्ती दलाची, एनडीआरएफची, तुकडी येते. पण पैसे महसूल खात्याकडून, म्हणजे जिल्हाधिकारी ते तहसीलदार या वाटेने येतात. नगरसेवकाच्या कार्यालयात भरलेला फॉर्म तहसीलदारांच्या टेबलावर पोचलाच असेल असं धरून चालू नका.

पंचनाम्याचा कागद जुन्या साच्यातला असतो: 'आम्ही खाली सह्या करणारे पंच आज रोजी समक्ष हजर राहून पंचनामा लिहून देतो की...' पंच म्हणजे बहुधा तुमचेच दोन शेजारी. त्यांची सही, तुमची सही, तलाठ्याची सही. सही करण्यापूर्वी कागद वाचून दाखवा म्हणा. संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे. वाचताना तीन गोष्टी शोधा. कुटुंबप्रमुखाचं नाव बँकेतल्या नावाशी जुळतं का. पाण्याची उंची फूट-इंचात लिहिली आहे का, की नुसतं 'पाणी शिरले' असं मोघम आहे. आणि पाणी किती वाजता आलं, किती वाजता उतरलं, हे लिहिलंय का. ही तिसरी गोष्ट सर्रास गळते आणि नेमकी तीच पुढे आडवी येते.

त्या दोन दिवसांच्या गोष्टीत तथ्य आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधी म्हणून एक निधी असतो. त्यात महाराष्ट्रासारख्या राज्यात ७५ टक्के पैसा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा, आणि तो कशावर, किती खर्च करायचा याचे निकष केंद्र ठरवतं. त्यात कपड्यांसाठी आणि भांडीकुंड्यांसाठी मदत आहे, पण ती कोणाला? ज्यांचं घर वाहून गेलं, पूर्ण पडलं, किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात बुडालं, त्यांना. बिहार-आसामात नदी शेतात उतरते आणि आठवडा-आठवडा हलत नाही. हा निकष वाचला की मला तेच चित्र दिसतं.

आपलं पाणी तसं वागत नाही, ते खाडीचं वेळापत्रक पाळतं. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले किंवा बेलापूरजवळच्या दिवाळे गावचे जुने कोळी भरतीची वेळ घड्याळ न बघता सांगतात. तिथीची पाऊणपट करा, येईल तो भरतीचा तास: अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावस्येला दुपारी बाराच्या आसपास आणि मध्यरात्रीही तशीच. सहा तास चढ, सहा तास उतार. अमावस्या-पौर्णिमेच्या पुढेमागे उधाण असतं, तेव्हा खाडीची पातळी नाल्याच्या तोंडापेक्षा वर जाते आणि नाला बाहेर वाहायचं सोडून आत ढकलायला लागतो. त्याच तासांत वरून जोराचा पाऊस आला की दिवा, मुंब्रा, कळव्याच्या सखल गल्ल्या भरतात. ओहोटी लागली की चार-सहा तासांत उतरतात. तुमच्या मंगळवारचं हेच झालं असणार. त्यातून दिवा उल्हासच्या खाडीकाठचं, म्हणजे वर बदलापूर-कल्याणकडे नदी फुगली की तेही पाणी तुमच्याच दाराशी येऊन भरतीला भिडतं. बदलापूरला उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची १७.५० मीटर आहे. हा आकडा बातमीत दिसला आणि त्या दिवशी उधाण असेल, तर गाद्या माळ्यावर टाकायला तेवढी सूचना पुरेशी समजा.

नवी मुंबईचं गणित याच जातीचं, फक्त ते मुद्दाम मांडलेलं आहे. वाशी, बेलापूरचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या खाली, खाजणात भराव घालून उठवलेला. म्हणून हे शहर वसवणाऱ्या सिडकोने डच पद्धतीने धारण तलाव ठेवले. भरतीत खाडीकडची झडप बंद, पावसाचं पाणी तलावात साठवायचं, ओहोटीला झडप उघडून सोडून द्यायचं. आपल्या आगरी शेतकऱ्याची खारबंदिस्तीतली उघाडी, म्हणजे खाडीच्या बांधातली झडप, याच तत्त्वावर चालायची, तिला कोणी डच म्हणत नसे. पुढे तलावांत गाळ साचला, तिवरं उगवली, आणि तिवरांना हात लावायचा तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. त्यामुळे तलाव आहे पण पाणी साठवायला पोटच नाही अशी गत झाली. असो, विषय भरकटला.

मुद्दा असा, की कडक निकष लावला तर ठाण्यात आणि नवी मुंबईत पाणी शिरलेली बहुतेक घरं बाद होतात. सहा तास मांडीभर पाण्यात उभ्या असलेल्या फ्रिजचं जे होतं तेच दोन दिवसांनीही होतं, पण कागदाला ते कळत नाही. यातली वाट अशी: मोठा पूर आला की राज्य सरकार वेगळा शासन निर्णय काढतं, त्यात ही दोन दिवसांची अट शिथिल करतं आणि रक्कमही वाढवतं, वरचा भार स्वतःच्या तिजोरीतून उचलतं. म्हणून 'मिळतं की नाही' याचं उत्तर या खेपेच्या शासन निर्णयात असतं. तो महसूल व वन विभागाच्या नावाने सरकारच्या संकेतस्थळावर येतो, मराठीत असतो. त्यात तीनच गोष्टी बघायच्या: आपला जिल्हा आहे का, कोणत्या तारखांचा पाऊस धरलाय, आणि दोन दिवसांबद्दल काय म्हटलंय. पंचनाम्यात तास लिहून घ्या म्हटलं ते यासाठी. अट अमुक तासांवर आली किंवा 'घरात पाणी शिरलेली कुटुंबं' अशी ढोबळ झाली, तरी तुमचा कागद दोन्हीकडे चालला पाहिजे. तलाठ्याला 'दोन दिवस लिहा ना साहेब' असं मात्र म्हणू नका. पूर्वी असं लिहून दिलेलं मला माहीत आहे. तपासणीत अख्ख्या चाळीची यादी लटकली, खऱ्या-खोट्या सगळ्यांची.

रकमा सांगतो, म्हणजे अपेक्षा जमिनीवर राहतील. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या दरांत कपड्यांना कुटुंबामागे २,५०० आणि भांड्यांना २,५००, म्हणजे पाच हजार. राज्याने २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरात शहरी कुटुंबाला १५ हजार आणि ग्रामीण कुटुंबाला १० हजार दिले. २०२१ च्या चिपळूण-महाडच्या पुरात कुटुंबाला १० हजार. २०२३ च्या जुलैत पाचाचे दहा हजार करण्याची घोषणा झाली, त्यातच दुकानदाराला ५० हजारांपर्यंत आणि टपरीवाल्याला १० हजारांपर्यंत. यातलं काहीही नुकसानभरपाई नाही, सरकारी भाषेत सानुग्रह अनुदान, म्हणजे आधाराला दिलेली रक्कम. तुमचा फ्रिज किती रुपयांचा होता हे कोणी विचारणार नाही, बिलं शोधण्यात वेळ घालवू नका. दहा हजारांचा फ्रिज आणि चाळीस हजारांचा फ्रिज, पंचनाम्यात दोन्ही 'गृहोपयोगी वस्तू'. घरचा विमा काढलेला असेल तरच बिलांना किंमत. गाडी आणि स्कूटर सरकारी मदतीत बसतच नाही, तीही विम्याचीच बाब. बुडालेली गाडी सुरू करून बघू नका, एवढंच त्याबद्दल.

घरमालकाचं म्हणणं अर्धं खरं आहे. घराची पडझड झाली, भिंत कोसळली, पत्रे गेले, तर ती मदत मालकाची. कपडे आणि भांडी जो तिथे राहतो त्याची, म्हणजे तुमची. दोन वेगळी खाती आहेत, दोन्ही एकाच पंचनाम्यात येऊ शकतात, त्यामुळे मालकाने तुमच्या नावाला अडवण्याचं कारण नाही. उलट तुमच्या नावाने त्याचं काही कमी होत नाही हे त्याला समजावून सांगा, बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावर भांडण मिटतं. आणखी एक गोष्ट दिव्यात मोठी आहे. घराच्या पडझडीच्या मदतीला निकषात अधिकृत बांधकामाची अट आहे, आणि तुमच्याकडच्या कित्येक इमारती त्या चाळणीत अडकतात. कपड्या-भांड्यांना ती अट नाही. कोणी 'बिल्डिंगच अनधिकृत, तुम्हाला कसलं अनुदान' असं म्हणालं तर शांतपणे विचारा, साहेब, आम्ही भिंतीचं मागत नाही, भांड्यांचं मागतोय.

भाडेकरूने राहत असल्याचा पुरावा कुठला द्यायचा? भाडेकरार असेल तर उत्तम. नसेल तर शिधापत्रिका, गॅसचं पुस्तक, मुलांच्या शाळेतला पत्ता, मतदार यादी, यातलं जे असेल ते. काहीच नसेल तर पंचांच्या जबाबात 'सदर कुटुंब अमुक वर्षांपासून येथे राहते' हे वाक्य घालून घ्या. पंच तुमचेच शेजारी आहेत, हे वाक्य लिहून द्यायला त्यांचं काही जात नाही.

तो झेरॉक्सवाला मुलगा. असेल बिचारा चांगल्या हेतूचा, कार्यकर्ते खरंच धावपळ करतात आणि त्यांच्यामुळे कित्येक नावं यादीत लागतात, हे मी खुर्चीत बसून पाहिलंय. पण यापुढे आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहा, 'फक्त पूरमदतीसाठी', आणि तारीख-सही करा. ओटीपी कोणालाही सांगू नका. पंचनाम्याला फी नसते. 'वरपर्यंत द्यावे लागतात' असं म्हणून कोणी शंभर-दोनशे मागितले तर देऊ नका. आणि झेरॉक्स दिल्या म्हणून गप्प बसू नका. साध्या कागदावर तहसीलदारांच्या नावाने अर्ज लिहा: नाव, पत्ता, कोणत्या दिवशी किती ते किती वाजेपर्यंत किती फूट पाणी होतं, काय भिजलं, कुटुंबात किती माणसं, बँक खातं. दोन प्रती करा, एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का दिल्याशिवाय टेबलापासून हलू नका. मी त्या टेबलापलीकडे बसलेलो आहे. आवक क्रमांक असलेला कागद हरवला तर कोणाला तरी जबाब द्यावा लागतो. बिनक्रमांकाचा कागद हरवला तर तो आलाच नव्हता.

अर्ज कोणाकडे, याचा घोळ नवी मुंबईत जास्त. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली ठाणे तालुक्यात, ठाणे जिल्ह्यात. पण खारघर, कामोठे, कळंबोली पनवेल तालुक्यात, जिल्हा रायगड. पत्त्यावर लोक सर्रास 'नवी मुंबई' लिहितात आणि अर्ज ठाण्याला देतात. तो तिथून अलिबागला, अलिबागहून पनवेलला फिरतो, तोवर यादी बंद झालेली असते. तुमचं दिवा ठाणे तालुक्यातच आहे, तुम्हाला ही अडचण नाही. पाणी भरलेलं असताना मदत हवी असेल तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ लक्षात ठेवा.

मंजूर झालेले पैसेही अडकतात, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त नावं इथेच अडकतात: बँकेत. आता रोख वाटप जवळजवळ संपलं, रक्कम थेट खात्यात जाते. दिव्यात राहणाऱ्या माणसाचं खातं बऱ्याचदा गावाकडचं असतं, रत्नागिरीचं, जळगावचं, लातूरचं. दोन वर्षं व्यवहार नाही, म्हणून झोपलेलं. मोबाइल नंबर जुना. आधारवर 'सुनीता', पासबुकावर 'सुनिता', शिधापत्रिकेवर माहेरचं आडनाव. रक्कम जाते आणि परत येते, आणि यादीत तुमच्यासमोर 'अदा' लिहिलेलं राहतं. म्हणून या आठवड्यात बँकेत जाऊन दोन गोष्टी विचारा: खातं चालू आहे का, आणि त्याला आधार जोडलेलं आहे का. खात्यात पन्नास रुपये भरून पासबुक छापून घ्या. नाव जुळत नसेल तर बँकेतलं आणि आधारवरचं नाव आता एक करून घ्या. यादी लागल्यावर धावाल तर त्याच खिडकीशी तुमच्या पुढे तीनशे माणसं असतील.

याद्या तहसील कार्यालयात लागतात, कधी प्रभाग समितीच्या कार्यालयातही. नाव नसेल तर आवक क्रमांकाचा दाखला देऊन दुसरा अर्ज करा, 'पुरवणी यादीत समावेश करावा' अशा शब्दांत, फोटोंच्या छापील प्रती जोडून. हे शब्द महत्त्वाचे. 'अन्याय झाला' अशा अर्जावर खुलासा मागवला जातो. 'पुरवणी यादीत समावेश' म्हटलं की त्यावर करण्यासारखं काम असतं. महिनाभरात हालचाल दिसली नाही तर लोकशाही दिनाला जा. तालुक्याचा महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. तिथे अर्जाला टोकन मिळतं आणि उत्तर द्यावंच लागतं. त्याच्याही पुढे माहितीचा अधिकार: दहा रुपयांचा अर्ज, 'आमच्या चाळीच्या पंचनाम्याची प्रमाणित प्रत द्यावी'. ३० दिवसांत प्रत येते, आणि पुष्कळदा प्रत यायच्या आधी तलाठीच येतो.

चाळीतल्या सगळ्यांनी मिळून गेलात तर निम्मी कामं आपोआप होतात. चाळीचा एक कागद करा, खोलीवार: खोली क्रमांक, कुटुंबप्रमुख, माणसं किती, पाणी किती फूट. पथक आलं की तो हातात द्या. तलाठ्याला कोणी तयार तक्ता दिला की तो त्याच्यावरूनच उतरवतो, हे गुपित फोडल्याबद्दल जुने सहकारी रागावतील. पण खोटं नाव एकही घालू नका. वरच्या मजल्यावरचा एक जण 'माझंही टाका' म्हणून आला, त्याच्या खोलीत पाणी चढलंच नव्हतं, आणि त्या एका नावापायी सगळ्या चाळीची फेरतपासणी झाली, असं मी दोनदा बघितलंय. त्याचं काही गेलं नाही, खालच्यांचा दसरा गेला.

दुर्घटना झालेल्या घरांसाठी दोन ओळी. पुरात माणूस दगावला तर वारसांना चार लाख रुपये मिळतात. त्यासाठी पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. दुःखाच्या भरात शवविच्छेदनाला नाही म्हणणारी घरं असतात, त्यांना शेजाऱ्यांनी समजवावं. जखमी होऊन आठवड्यापेक्षा जास्त रुग्णालयात राहावं लागलं तर १६ हजार, कमी असेल तर ५,४००. प्रवेशपत्र आणि सुट्टीचा कागद जपा.

आता मुलाची गुणपत्रिका. ती भिजली म्हणता, फाटली असं म्हणत नाही, म्हणजे वाचण्यासारखी आहे. उन्हात टाकू नका, कागद वाकडा होतो आणि शाई उडते. प्लास्टिकच्या पिशवीत असेल तर पिशवी कापून काढा, ओढून नको. दोन जुन्या साड्यांच्या तुकड्यांत ठेवून वर पाटा ठेवा. चार-चार तासांनी कापड बदला आणि पंख्याखाली सावलीत सुकवा. ओली असताना इस्त्री किंवा लॅमिनेशन अजिबात नको. तरीही अक्षर गेलं तर दुय्यम प्रत मिळते. दहावीच्या मुंबई विभागीय मंडळाचं कार्यालय वाशीला आहे. आधी मुलाच्या शाळेत जा, तिथे अर्जाचा नमुना आणि शिफारस देतील, बैठक क्रमांक आणि परीक्षेचा महिना-वर्ष लिहून न्या. अकरावीच्या प्रवेशाची घाई असेल तर सरकारच्या डिजिलॉकर ॲपवर गुणपत्रिका दिसते का ते आज रात्रीच बघून घ्या.